ट्रेलरचे रिव्हर्स लाइट: घेताना, बसवताना आणि पावसाळ्याआधी

मुंबईत जड वाहनांना दिवसा बंदीच्या वेळा आहेत, त्यामुळे ट्रेलरचं रिव्हर्सचं बरंचसं काम अंधारातच होतं. रे रोडच्या दारूखान्यातल्या गल्ल्या, भिवंडीकडची गोदामं, कळंबोलीचा स्टील बाजार, न्हावा शेव्याच्या आसपासची कंटेनर यार्डं, सगळीकडे तेच. जागा ट्रेलरपेक्षा जेमतेम हातभर रुंद, जमिनीवर सळ्या, लाकडी ठोकळे आणि पाण्याने भरलेले खड्डे. मागे क्लीनर उभा राहून हात हलवतो, पण तो हात आरशात दिसायला उजेड तर हवा!

कंपनीतून येणाऱ्या जुन्या धाटणीच्या ट्रेलरला मागे २१ वॅटचे दोन बल्ब असतात. असा एक बल्ब नवा असताना साधारण ४६० ल्यूमेन (एकूण उजेडाचं माप) देतो. पिवळी पडलेली काच आणि चिखल यांतून त्यातलं किती बाहेर येतं ते सांगायला नको. मग मालक वैतागून एक लांबलचक एलईडी बार लावतो. मागच्या वॉचमनचे डोळे दिपतात, मागची भिंत पांढरीफटक होते, आणि डावं मागचं चाक खड्ड्याच्या काठावर आहे की आत गेलंय हे ड्रायव्हरला तरीही कळत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मोठा एक लाइट घेऊ नका, मध्यम ताकदीचे दोन पसरट लाइट घ्या, आणि उरलेले पैसे वायरिंगवर घाला.

दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा

काय दिसत नाही ते आधी ठरवलं की काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. रात्री यार्डात ट्रेलर उभा करा, हॉर्सला (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) रिव्हर्स गिअर टाका आणि सीटवरून दोन्ही आरशांत बघा. कंटेनर चढवलेला असेल तर मागची काच निरुपयोगी, सगळा भरवसा आरशांवर. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो, म्हणजे ट्रेलरचं बूड तुमच्यापासून पंधरा-सोळा मीटर लांब असतं.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अनुभवी माणूस शक्यतो बूड उजवीकडे वळवत मागे घेतो, कारण त्या बाजूची चाकं त्याला आरशात आणि खिडकीतून मान काढून दिसतात. डावीकडे वळवायची पाळी आली की तो आंधळा. हॉर्स आणि ट्रेलर कोनात आले की डाव्या आरशात नुसता कंटेनरचा पत्रा दिसतो. तेव्हा आधी कागदावर चार जागा लिहून काढा: ट्रेलरच्या थेट मागची जमीन, मागचे दोन कोपरे, डावी मागची चाकं, उजवी मागची चाकं. पहिल्या दोन जागांना मागचे लाइट पुरतात. चाकांसाठी बाजूला, मागे तोंड केलेले छोटे दिवे लागतात, आणि बजेट एकाच बाजूपुरतं असेल तर ते डावीकडे लावा.

मागे कॅमेरा असेल तर आणखी एक बघायचं. कॅमेऱ्यालाही उजेड लागतो, पण लाइटचा झोत भिंगात शिरला तर स्क्रीनवर पांढरा डाग येतो. कॅमेरा वर, लाइट खाली, आणि दोघांत हातभर अंतर.

किती ल्यूमेन, किती रुंद

हिशेब छोटा आहे. समजा १००० ल्यूमेनचा लाइट आहे. तो ३० अंशांच्या अरुंद झोतात टाकला तर १० मीटरवर साधारण ४५ लक्स (त्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतात, तोच ६० अंशांत पसरवला तर १० मीटरवर १२च्या आसपास. आकडा ऐकून अरुंद झोत बरा वाटतो. पण ५ मीटर मागे अरुंद झोताची रुंदी जेमतेम २.७ मीटर, म्हणजे ट्रेलरच्या रुंदीइतकीच. दोन्ही कोपऱ्यांबाहेर काळोख. ६० अंशांचा झोत त्याच जागी पावणेसहा मीटर रुंद पडतो आणि तिथे ४५-५० लक्स देतो, जे जमीन नीट वाचायला भरपूर आहेत. रिव्हर्स घेताना दहा मीटर पलीकडचं बघून करायचंय काय? वेग माणसाच्या चालण्याइतका, धोका सगळा शेवटच्या तीन-चार मीटरमध्ये.

त्यामुळे मागे प्रत्येकी १००० ते १५०० ल्यूमेनचे दोन लाइट, झोत ६० ते ९० अंशांचा. बाजूच्या दिव्यांना ४००-५०० ल्यूमेन खूप झाले. ल्यूमेनचा आकडा लाइटमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारा हवा. बऱ्याच डब्यांवर नुसत्या एलईडी चिपचा कागदोपत्री आकडा असतो, तो काच आणि उष्णतेच्या नुकसानीआधीचा. सोपी चाळणी अशी की मध्यम दर्जाचा लाइट दर वॅटला ८० ते १०० ल्यूमेन देतो. २० वॅटच्या लाइटवर ६००० ल्यूमेन छापले असतील तर तो आकडा सोडून द्या.

रंग ५००० केल्विनच्या आसपासचा घ्या. निळसर पांढरा उजेड कोरड्या रात्री झगझगीत वाटतो, पण ओल्या डांबरावर ओली काळी चेन आणि सावली यांत फरक करणं अवघड जातं. बाकी पावसात डोळ्यांसमोर पांढरा पडदा तयार होतो तो रंगापेक्षा झोताच्या दिशेमुळे. लाइट जितका वर आणि आडवा, तितके थेंब जास्त चमकतात.

काउंटरवरची परीक्षा

ऑपेरा हाउसजवळचा ऑटो पार्ट्सचा बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ट्रक टर्मिनलच्या आसपासची दुकानं, कुठूनही घ्या, पण घरून मल्टिमीटर घेऊन जा. तळहाताएवढ्या लाइटवर ‘१८० वॅट’ लिहिलेलं सर्रास दिसतं. दुकानदाराला २४ व्होल्टवर लाइट लावून दाखवायला सांगा. बहुतेकांकडे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून ठेवलेल्या असतातच. मीटर अँपिअरवर लावा, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाला आणि पॉझिटिव्ह वायर तोडून मीटर मधे जोडा. १८० वॅट खरे असतील तर साडेसात अँपिअर यायला हवेत. आला ०.९, तर तो लाइट २२ वॅटचा आहे. तसं निघालं म्हणून परत फिरायची गरज नाही, कारण २२ वॅटचा चांगला लाइट तुम्हाला पुरतो. फक्त १८० वॅटचे पैसे मोजू नका. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर पुढचं दुकान.

पाच मिनिटं लाइट चालू ठेवा आणि मीटर पुन्हा बघा. मागचा अॅल्युमिनियमचा भाग गरम व्हायला हवा. तो थंड आणि काचेची बाजू तापलेली असेल तर चिपची उष्णता बाहेर पडत नाहीये, आणि असा लाइट वर्षभरात मंद होतो.

व्होल्टेजची मर्यादा ‘१०-३० व्होल्ट’ लिहिलेली असते. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत प्रत्यक्षात २८च्या आसपास असतात आणि त्यावर झटके येतात, म्हणून ३६ किंवा त्याहून वरची मर्यादा असलेला मिळाला तर तो घ्या. उलटे कनेक्शन दिले तरी जळणार नाही असं संरक्षण आहे का तेही विचारा. आपल्याकडे वायरींचे रंग कोणीही पाळत नाही.

पाण्याच्या बाबतीत आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. कमीत कमी एवढं हवंच. पण ट्रेलरला खरा त्रास बुडण्याचा नसून वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचा असतो, आणि त्याची परीक्षा वेगळी आहे. आयपी ६९के, म्हणजे ८० अंश गरम पाण्याचा ८० ते १०० बारचा फवारा जवळून. दोन्ही लिहिलेले असतील तर उत्तम. लाइटला मागे हवा जाण्यासाठी बारीक पडद्याचं छिद्र आहे का ते बघा. तापलेल्या लाइटवर पावसाचं गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि कुठूनतरी ओल आत ओढते. छिद्र असेल तर नुसती हवा येते, नसेल तर सीलमधून पाणी येतं. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, वायर किमान अर्धा मीटर बाहेर आलेली घ्या. लाइटच्या पाठीला चिकटून जॉइंट करावा लागला तर तो जॉइंट पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडणार.

कायद्याचं काय

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०८ नुसार गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यांत रिव्हर्स घेतानाचा पांढरा उजेड येतो. म्हणजे लाइट कितीही चांगला असो, तो रिव्हर्स गिअर टाकल्यावरच लागला पाहिजे. केबिनमध्ये वेगळा बटण देऊन ‘हवा तेव्हा चालू’ करणारी जोडणी बरेच ड्रायव्हर मागतात. मागून येणाऱ्याने हाय बीम मारला की त्याला धडा शिकवायला ती वापरली जाते, आणि घाटात त्याने अपघात होऊ शकतो. बटण द्यायचाच असेल तर रिव्हर्सच्या वायरीतच मधे द्या, म्हणजे त्याने लाइट फक्त बंद करता येतील.

ट्रेलरवर दिवे कुठे आणि कसे असावेत हे आपल्याकडे एआयएस-००८ या मानकात आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत रिव्हर्स लाइट जमिनीपासून २५० ते १२०० मिलिमीटर उंचीत असावा, सहा मीटरपेक्षा लांब वाहनाला दोन सक्तीचे आणि आणखी दोन ऐच्छिक, अशी व्यवस्था आहे. युरोपीय प्रमाणित लाइटच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि त्याच्यापाशी ‘एआर’ ही अक्षरं असतात. ‘एआर’ म्हणजे रिव्हर्सिंग लॅम्प. अशा लाइटचा आडव्या रेषेच्या वरचा उजेड ३०० कँडेलाच्या (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाचं माप) आत बांधलेला असतो, तर ५ अंशांहून खाली तो ८००० पर्यंत चालतो. बाजारात ‘वर्क लॅम्प’ म्हणून मिळणाऱ्या लाइटला हे बंधन नसतं. माझा सल्ला असा की सक्तीचे दोन दिवे प्रमाणित घ्या, कंपनीचे असतील तर ते काढू नका. फिटनेसला तेच बघितले जातात.

वायरिंग

लाइट चांगला असूनही उजेड पडत नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष इथे असतो, त्यामुळे घाई करू नका.

पहिलं काम, रिव्हर्सची वायर ट्रेलरपर्यंत येते का ते शोधणं. हॉर्सच्या मागे २४ व्होल्टचा काळा सात पिनांचा सॉकेट असतो. मानकाप्रमाणे त्यात अर्थ, दोन्ही टेल, दोन्ही इंडिकेटर आणि ब्रेक लाइट आहेत, रिव्हर्स नाही. रिव्हर्स येतो दुसऱ्या, पांढऱ्या सात पिनांच्या सॉकेटात तिसऱ्या पिनवर, आणि त्यातच चौथ्या पिनवर कायमचा २४ व्होल्टचा पुरवठा असतो. पंधरा पिनांचा सॉकेट असेल तर रिव्हर्स आठव्या पिनवर. हे झालं पुस्तकातलं. रस्त्यावर निम्म्या हॉर्सना दुसरा सॉकेट नसतोच, आणि कोणीतरी काळ्या सॉकेटच्या सातव्या पिनमधून रिव्हर्स काढलेला असतो. म्हणून टेस्ट लॅम्प घ्या, साथीदाराला एकेक करत इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स लावायला सांगा आणि प्रत्येक पिन तपासून कागदावर लिहा. एकच ट्रेलर आज या हॉर्सला, उद्या त्या हॉर्सला लागतो, तेव्हा ताफ्यातल्या सगळ्या हॉर्सची पिन एकच ठेवली नाही तर निम्म्या रात्रींना लाइट लागणारच नाहीत.

रिव्हर्ससाठी एबीएसच्या सॉकेटातून करंट चोरू नका. ब्रेकची यंत्रणा आहे ती.

दुसरं, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागेल का? जुने २१ वॅटचे दोन बल्ब मिळून पावणेदोन अँपिअर घेतात. २० वॅटचे दोन एलईडी लावले तर करंट तेवढाच राहतो, म्हणून गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचला जास्तीचा भार पडत नाही आणि रिले लागत नाही. त्यात बाजूचे दोन दिवे आणि बझर वाढले की मात्र रिले घाला. रिव्हर्सच्या वायरीने फक्त रिलेची कॉइल ओढायची आणि लाइटचा करंट चौथ्या पिनवरून, फ्यूजमधून द्यायचा. फ्यूज बॅटरीच्या बाजूला, लाइटच्या बाजूला नव्हे. वायर मधे कुठे घासली तर आग तिथेच लागते.

तिसरं, वायरीची जाडी. स्विचपासून ट्रेलरच्या बुडापर्यंत १८ मीटर धरा, परतीचा अर्थ धरून ३६. दुकानात जिला ‘एक एमएम’ म्हणतात (म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची) त्या वायरीत एवढ्या लांबीला ०.६ ओहम रोध येतो. ४ अँपिअर ओढले की अडीच व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे दहा टक्के. जुन्या बल्बचा उजेड एवढ्याने तीस टक्के पडतो. एलईडी मात्र आतल्या सर्किटमुळे सांभाळून घेतो आणि दोष झाकून ठेवतो, आणि थेट एखाद्या रात्री लुकलुकायला लागतो. ‘अडीच एमएम’ टाकली की तूट एक व्होल्टवर येते. बारीक तारांची, ऑटोमोबाइलसाठीची वायर घ्या. घरातल्या फिटिंगची जाड तारांची वायर चॅसीच्या थरथराटाने आतून तुटते.

चौथं आणि सगळ्यात दुर्लक्षित, अर्थिंग. चॅसीला बोल्ट मारून मोकळं व्हायची सवय आहे. पण ट्रेलरच्या चॅसीपासून हॉर्सच्या चॅसीपर्यंत करंट जाणार कुठून? किंग पिन (ट्रेलरखालचा खुंटा) आणि फिफ्थ व्हील (तो खुंटा अडकतो ती हॉर्सवरची ताटली) यांच्यातून, आणि त्यांच्यात ग्रीसचा थर आहे. अर्थची वेगळी वायर सॉकेटच्या पिनपर्यंत परत न्या. रिव्हर्स टाकल्यावर टेल लाइट मंद पेटत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर रिव्हर्स लाइट हलकासा उजळत असेल, तर समजा की अर्थ तुटला आहे आणि करंट दुसऱ्या दिव्यातून घरी परततोय.

जॉइंट पिळून टेप गुंडाळणं इथे चालत नाही. न्हावा शेव्याची खारी हवा वायरीच्या तांब्यात कावळ्याच्या चोचीइतक्या फटीतूनही शिरते. लग दाबून, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, नाहीतर पाणबंद कनेक्टर वापरा. वायर दर तीस-चाळीस सेंटिमीटरवर बांधा, ब्रेकच्या हवेच्या पाइपला मात्र बांधू नका.

बसवणं आणि झोत लावणं

लाइट मागच्या क्रॉस मेंबरवर, चॅसीच्या दोन गर्डरांच्या आत थोडा दबलेला बसवा. स्टील कॉइल वाहणाऱ्या ट्रेलरवर हे फार महत्त्वाचं, कारण सैल सुटलेली चेन आधी लाइटवरच आपटते. स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉक नट वापरा, अॅल्युमिनियम आणि लोखंडाच्या मधे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम पांढऱ्या भुग्यासारखं झडतं. रात्री पार्किंगमधून लाइट काढून नेणारे असतात, त्यांच्यासाठी बोल्टचं डोकं शेवटी वेल्डिंगच्या एका थेंबाने बंद करा.

झोत लावायची पद्धत: लाइट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे असं धरू आणि झोताचा मध्य ६ मीटर मागे जमिनीला टेकायला हवा. सपाट जागेवर ट्रेलर भिंतीपासून ३ मीटरवर उभा करा आणि भिंतीवर ४५ सेंटिमीटरवर खडूची रेघ मारा. झोताचा सर्वांत उजळ भाग त्या रेघेवर आला की बोल्ट आवळा. दोन्ही लाइट किंचित बाहेर, पाच-सात अंश वळवा, म्हणजे कोपरे उजळतात. हे सगळं रिकाम्या ट्रेलरवर करून भागत नाही. माल चढल्यावर मागचे पाटे दबतात आणि झोत आणखी खाली येतो, तेव्हा एकदा लोड असताना बघा.

मग ड्रायव्हरला सीटवर बसवा. क्लीनर १० मीटर मागे उभा राहून थांबायची खूण करेल. ती दोन्ही आरशांत स्पष्ट दिसली, आणि बाजूच्या दिव्यात मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग दिसला, की काम झालं. आरशात थेट चमक येत असेल तर बाजूचा दिवा आणखी खाली वळवा.

बारा व्होल्टच्या छोट्या ट्रॉल्या

जनरेटरची किंवा बोटीची ट्रॉली जीपमागे लावणाऱ्यांना हेच सगळं लागू, फक्त बारा व्होल्टवर तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट होतो आणि वायरीतलं नुकसान टक्क्यात चौपट. सात पिनांच्या साध्या बारा व्होल्टच्या सॉकेटात रिव्हर्स नसतो, तेरा पिनांच्या सॉकेटात आठव्या पिनवर असतो. एवढ्या छोट्या ट्रॉलीला १० वॅटचे दोन लाइट पुरेत.

मे महिन्यातली फेरी

पाऊस लागायच्या आधी प्लग-सॉकेट उघडून पिना पितळी ब्रशने घासा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. हॉर्स सुटल्यावर लोंबणारा प्लग झाकणात अडकवायची सवय क्लीनरला लावा, जमिनीवर पडलेला प्लग हेच पाणी शिरण्याचं मुख्य दार आहे. काचेच्या आत वाफ दिसली आणि दहा मिनिटं लाइट लावल्यावर गेली तर ठीक; थेंब साचून राहिले असतील तर तो लाइट आत्ताच बदला. धुताना प्रेशर गनचं तोंड लाइटच्या मागे वायर शिरते त्या जागेवर धरू नये, एवढं वॉशिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा. आणि एक फ्यूज, एक रिले केबिनच्या डब्यात ठेवा. रात्री दोन वाजता भिवंडीत दुकान उघडं नसतं.